शिक्षणाचा परतावा कसा काढायचा: आधी एका माणसाचा, मग अख्ख्या देशाचा

शिक्षण ही गुंतवणूक आहे असं सगळेच म्हणतात, पण गुंतवणूक म्हटली की लगेच विचारायला हवं ना, परतावा किती, कधीपासून आणि कोणाच्या खिशात? बँकेत पैसे ठेवताना पाव टक्क्यासाठी चार ठिकाणी चौकशी करणारी माणसं स्वतःची किंवा मुलांची तीन-चार वर्षं एखाद्या कोर्समध्ये घालताना कागदावर साधी वजाबाकी करत नाहीत हे मी खूपदा पाहिलंय. देशाच्या पातळीवर पण तेच, शिक्षणावर एवढा खर्च झाला म्हणजे विकास होणारच असं छातीठोकपणे सांगतात आणि मधल्या पायऱ्या कोणी दाखवत नाही.

त्या पायऱ्या इथे देतोय. टक्केवारी काढता आली की पुरे.

खर्च लिहायला घ्या, पण फी शेवटी लिहा

बहुतेक लोक आधी फी लिहितात आणि तिथेच थांबतात. शिक्षणातला सगळ्यात मोठा खर्च बरेचदा फी नसतोच, तो असतो बुडालेली कमाई, म्हणजे तेवढी वर्षं कामाला लागला असता तर जे हातात आलं असतं ते. थिओडोर शुल्ट्झने १९६० मध्ये अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढे अध्यक्षीय भाषण केलं, विषय होता माणसातली गुंतवणूक, आणि त्यात त्याने या बुडालेल्या कमाईवर चांगलाच भर दिला होता. माणसाला भांडवल म्हणणं त्या काळी अनेकांना खटकायचं, माणूस म्हणजे काय यंत्र आहे का, आणि ती अस्वस्थता मला आजही समजते, पण शुल्ट्झचं म्हणणं होतं की माणूस स्वतःवर खर्च करतो तेव्हा त्याच्या निवडीच वाढतात, त्यात कमीपणा कसला. त्याला १९७९ चं नोबेल मिळालं. याच कल्पनेचं पक्कं गणित गॅरी बेकरने १९६४ मध्ये मांडलं, त्याला १९९२ चं.

तर उदाहरण घेऊ. चलन कुठलंही धरा, आकडे फक्त प्रमाणासाठी आहेत. समजा शाळा संपल्यावर लगेच कामाला लागलं तर वर्षाला १०० मिळतात, आणि तीन वर्षांची डिग्री केली तर १३० मिळतील. फी वर्षाला २०. फक्त फी धरली तर खर्च ६० आणि फायदा दरवर्षी ३०, म्हणजे ५० टक्के परतावा, असा परतावा जगात कुठेच मिळत नाही म्हणून लोक डोळे मिटून उडी मारतात. आता त्यात तीन वर्षांची बुडालेली कमाई, ३००, मिळवा. खर्च झाला ३६०, फायदा तोच ३०. ३० भागिले ३६० म्हणजे साधारण ८.३ टक्के. एका ओळीने ५० चे ८ झाले, म्हणून म्हटलं फी शेवटी लिहा.

एक चूक लक्षात ठेवा, राहण्या-जेवण्याचा पूर्ण खर्च यात घालू नका. जेवायचं तर काम करतानाही असतंच. शिकायला दुसरीकडे राहावं लागलं आणि त्यामुळे जास्तीचा खर्च झाला तर फक्त तो जास्तीचा भाग धरा.

८.३ हा पण कच्चा आकडा आहे, कारण पैसे आत्ता जातात आणि फायदा ४० वर्षांत थोडा थोडा येतो. वर्षाला ७ टक्के दर धरला तर ४० वर्षांनी मिळणाऱ्या ३० ची आजची किंमत फक्त २ उरते. स्प्रेडशीट असेल तर पहिल्या तीन ओळींत उणे १२० लिहा, पुढच्या ४० ओळींत अधिक ३० लिहा आणि आयआरआर नावाचं फंक्शन लावा (पैसे कधी गेले आणि कधी आले हे धरून ते वर्षाचा परतावा काढतं), उत्तर सव्वासात टक्क्यांच्या आसपास येईल. हा खरा आकडा. आता तो कर्जाच्या व्याजाशी ताडून बघा. कर्ज ११ टक्क्यांचं असेल आणि कोर्सचा परतावा ७ टक्के, तर पैशाच्या दृष्टीने तो कोर्स स्वतःचं कर्ज फेडण्याइतकाही नाही, भले तो दुसऱ्या कारणांसाठी करण्यासारखा असेल.

आणि अर्धवट सोडण्याचा धोका. हा कोणीच धरत नाही आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण अर्धवट सुटलेल्या मुलाकडे कर्ज असतं आणि डिग्री नसते. समजा १० पैकी ३ जण डिग्री पुरी करत नाहीत आणि त्यांना पगारात काहीच वाढ मिळत नाही, तर सरासरी फायदा ३० चा २१ होतो आणि कच्चा परतावा ८.३ वरून ५.८ वर येतो. म्हणून कुठल्याही कॉलेजला विचारायचा पहिला प्रश्न हा, की प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण वेळेत बाहेर पडतात. पास होणाऱ्यांचा सरासरी पगार नंतर विचारा.

जगाचा आकडा आणि तो कसा वाचायचा

जेकब मिन्सरने १९७४ मध्ये एक सोपी पद्धत रूढ केली, लोकांच्या पगाराचा लॉग (पगारातले फरक टक्क्यांत वाचता यावेत म्हणून वापरायचं गणिती रूप) घ्यायचा आणि तो शिक्षणाची वर्षं आणि कामाचा अनुभव यांच्यावर बसवायचा. वर्षांसमोर जो गुणांक येतो, म्हणजे समजा ०.०९, तो शिक्षणाच्या एका जास्तीच्या वर्षामागे पगारात दिसणारी साधारण ९ टक्के वाढ. साक्रोपोलस आणि पॅट्रिनोस यांनी अनेक देशांतले असे अंदाज गोळा करून २०१८ मध्ये छापले, त्यात जगाची सरासरी वर्षाला ९ टक्क्यांच्या जवळ आहे आणि बायकांसाठी ती पुरुषांपेक्षा सुमारे २ टक्के पॉइंटने (म्हणजे दोन टक्केवाऱ्यांची थेट वजाबाकी केली तर २ ने) जास्त. मुलीच्या शिक्षणावर कात्री चालवणाऱ्या प्रत्येक घराने हा आकडा एकदा वाचावा असं मला मनापासून वाटतं.

वरच्या उदाहरणात मी १०० चे १३० केले ते उगाच नाही, तीन वर्षांत ३० टक्के म्हणजे वर्षाला साधारण ९ टक्केच. तरीही आयआरआर सव्वासातच आला, कारण मिन्सरच्या पद्धतीत फी धरलेलीच नसते, फक्त बुडालेली कमाई धरलेली असते. म्हणून कोणी ९ किंवा १० टक्के परतावा म्हणालं की विचारायचं, यात फी वजा आहे का.

शिकल्यामुळे वाढलं की मुळात हुशार होता म्हणून?

शिकलेला जास्त कमावतो हे खरं, पण जो जास्त शिकतो तो कदाचित आधीच चांगल्या घरातला किंवा जिद्दीचा असतो, मग सगळं श्रेय शाळेला कसं देणार. ही शंका एकदम रास्त आहे आणि अर्थशास्त्रज्ञांनी ती सोडवायला खूप कष्ट घेतलेत. युक्ती अशी, की अशी परिस्थिती शोधायची जिथे काहींना जास्त शिक्षण मिळालं ते निव्वळ योगायोगाने.

अँग्रिस्ट आणि क्रूगर यांनी १९९१ मध्ये जन्मतारीख वापरली. अमेरिकेत ठरावीक वयापर्यंत शाळा सक्तीची, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं थोडी कमी शाळा करून बाहेर पडू शकायची, आणि जन्माचा महिना काही कोणी हुशारी बघून मिळत नाही. एस्थर डुफ्लोने इंडोनेशिया घेतला. तिथे तेलाच्या पैशातून १९७३-७४ ते १९७८-७९ मध्ये ६१,००० पेक्षा जास्त प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या, काही भागांत जास्त, काही भागांत कमी. शाळेच्या वयाच्या मुलांना फायदा झाला, वय उलटून गेलेल्यांना नाही, मग या दोघांची जास्त शाळांच्या आणि कमी शाळांच्या भागांत तुलना. दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली की शिक्षण सरासरी ०.१२ ते ०.१९ वर्षांनी वाढलं आणि वर्षाचा परतावा निघाला ६.८ ते १०.६ टक्के. म्हणजे शंका काढून टाकल्यावरही परतावा साधारण त्याच पट्ट्यात राहिला. शाळा हुशारी दाखवत असेलही, पण काहीतरी देतेसुद्धा.

तरी एक गाळणी बाकी राहते. मायकल स्पेन्सने १९७३ मध्ये दाखवलं की डिग्री नुसता इशारा म्हणूनही चालू शकते, म्हणजे कॉलेजने काही शिकवलं नाही तरी मालकाला कळतं की हा चिकाटीचा आहे. ओळखायची एक खूण म्हणजे शेवटचं वर्ष. बारा वर्षांपैकी अकरा केली आणि बारावं राहिलं, तर पगारातली घट एका वर्षाच्या शिकण्याएवढी आहे की त्याहून खूप मोठी? खूप मोठी असेल तर कागदाची किंमत बरीच आहे. एका माणसासाठी यात फरक पडत नाही, पगार तर वाढला. देशासाठी मात्र पडतो, कारण रांगेत एक जण पुढे सरकला की दुसरा मागे जातो आणि रांग तेवढीच राहते. देशाचा हिशोब वेगळा करावा लागतो तो यामुळेच.

देशाची वाढ, आकडेमोड करून

रॉबर्ट सोलोने १९५७ मध्ये अमेरिकेचे १९०९ ते १९४९ चे आकडे तपासले आणि असं निघालं की माणशी तासाच्या उत्पादनातली साधारण आठपैकी सात हिस्से वाढ यंत्रं आणि इमारती वाढल्यामुळे झालेलीच नव्हती. मग कशामुळे? त्या न सापडलेल्या ढिगात शिक्षणाचा वाटा किती हे शोधायला त्यानंतर सगळे लागले.

तुम्हीही ढोबळ आकडा काढू शकता. देशातल्या कामकऱ्यांचं सरासरी शिक्षण ४० वर्षांत ६ वरून १० वर गेलं असं समजा. वर्षाला वाढ ०.१ वर्ष. एका वर्षाची किंमत १० टक्के धरा, म्हणजे माणशी कौशल्य वर्षाला १ टक्क्याने वाढतंय. उत्पन्नात श्रमाचा वाटा साधारण दोन तृतीयांश, तर १ गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे वर्षाला ०.६७ टक्के वाढ. दिसायला किरकोळ आहे पण ४० वर्षं चक्रवाढ केली की उत्पन्न ३० टक्क्यांनी जास्त होतं. वाईट नाही, पण याच्यावर गरीब देश श्रीमंत होत नाही, आणि शिवाय सरासरी वर्षं कायम वाढत राहू शकत नाहीत, कुठेतरी छत लागतंच.

मग शिक्षणाला वाढीचं इंजिन म्हणतात ते का? कारण वरच्या गणितात शिक्षण म्हणजे फक्त जास्तीचं मनुष्यबळ असं धरलंय. नेल्सन आणि फेल्प्स यांनी १९६६ मध्ये वेगळं मांडलं, की शिक्षणाची खरी ताकद नवी गोष्ट लवकर उचलण्यात आहे. जिथे रोज तेच काम त्याच पद्धतीने चालतं तिथे शिकलेला आणि न शिकलेला सारखेच, जिथे पद्धत बदलतेय तिथे शिकलेला पुढे जातो. फॉस्टर आणि रोझेनझ्वाइग यांनी १९९६ मध्ये भारताच्या हरित क्रांतीवर हेच तपासलं, नवं बियाणं जिथे जास्त लाभलं तिथे प्राथमिक शिक्षणाचा परतावा वाढला. त्यामुळे देशाचा हिशोब करताना दुसरा रकाना पाहिजेच, शिकलेल्या माणसाला वापरायला नवं तंत्र, बाजार आणि काम आहे का. तो रकाना रिकामा असेल तर डिग्रीवाले बेकार बसतात.

आणि उलटं पण घडतं हे विसरू नका. बिल्स आणि क्लेनो यांनी २००० मध्ये दाखवलं की पुढे वाढ होणार असं दिसलं की लोक आपणहून जास्त शिकतात, त्यामुळे शिक्षण आणि वाढ यांचं जे नातं दिसतं त्यातला एक तृतीयांशापेक्षा कमी भाग शिक्षणामुळे वाढ असा असावा. लँट प्रिचेटने २००१ मध्ये तर अख्खा प्रश्नच टेबलावर ठेवला, की इतक्या देशांनी शाळेची वर्षं वाढवली, मग ती उत्पादनात दिसत का नाहीत?

५२ वजा १७

याचं उत्तर मला पुस्तकात मिळण्याआधी एका मुलाच्या वहीत दिसलं होतं. मी काही महिने संध्याकाळी मुलांना गणित शिकवायचो, त्यात आठवीतला एक मुलगा होता, एक दिवस न चुकवणारा. मी त्याला ५२ वजा १७ दिलं. त्याने पटकन ४५ लिहिलं. मला वाटलं घाई झाली असेल, पुन्हा दिलं, पुन्हा ४५. मग म्हटलं मोठ्याने कर. तर तो म्हणाला, पाचातून एक गेला चार, सातातून दोन गेले पाच. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्याला कोणीतरी कधीतरी सांगितलं होतं, आणि हातचा घेणं म्हणजे काय हे आठ वर्षांत एकदाही त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधून दिले, एक जुडगा सोडायला लावला, आणि दोन संध्याकाळीत त्याला ते आलं. मूल ढ नव्हतं. पण कुठल्याही देशाच्या आकडेवारीत तो मुलगा 'शिक्षण ८ वर्षं' असाच जाणार होता.

म्हणून माझं एकच कळकळीचं म्हणणं आहे, वर्षं मोजणं सोडा आणि आलेलं मोजा. एरिक हनुशेक आणि लुडगर वोसमान यांनी देशोदेशींच्या गणित-विज्ञान चाचण्यांचे गुण वाढीच्या दरासमोर ठेवले तेव्हा गुणांचं नातं घट्ट निघालं, एक प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती साधारण किती पसरलेत त्याचं माप) गुण जास्त तिथे दरडोई वाढ वर्षाला सुमारे २ टक्के पॉइंट जास्त, आणि गुण हिशोबात घेतले की नुसत्या वर्षांचा परिणाम जवळपास नाहीसा झाला. मोजके देश आणि नातं म्हणजे कारण नव्हे हे धरूनही हा फरक फार मोठा आहे. जागतिक बँकेचा २०१९ चा अंदाज होता की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १० वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त, ५३ टक्के, साधा मजकूर वाचून समजू शकत नाहीत, आणि महामारीत शाळा बंद राहिल्यावर तो अंदाज ७० टक्क्यांवर गेला.

दुरुस्ती कशी करायची ते एकदम सोपं आहे. जागतिक बँकेने २०१८ पासून मानवी भांडवलाच्या निर्देशांकात वापरलेली रीत घ्या: शाळेची अपेक्षित वर्षं गुणिले चाचणीचा सरासरी गुण भागिले ६२५ (हा उत्तम पातळीचा गुण धरलाय). म्हणजे मुलं सरासरी १० वर्षं शाळेत जातात आणि गुण ३७५ आहे, तर १० गुणिले ३७५ भागिले ६२५, उत्तर ६. दहा वर्षं शाळा, सहा वर्षांचं शिक्षण. ही चार वर्षं मुलांची गेली आणि पैसेही गेले. कुठल्याही देशाबद्दल बढाईचा आकडा कानावर आला की आधी हा गुणाकार करा.

खर्चाची घोषणा ऐकलीत की

बजेटमध्ये शिक्षणाला किती टक्के हे बघून समाधान मानू नका, पैसा कशावर जातोय ते बघा. केनियात मुलांना फुकट पाठ्यपुस्तकं वाटली, ग्लुइ, क्रेमर आणि मूलँ यांनी तपासलं तर सरासरी गुण वाढलेच नाहीत, फक्त जी मुलं आधीच पुढे होती त्यांचे वाढले, कारण पुस्तकं इंग्रजीत होती आणि बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा. त्याच केनियात शाळेत जंतांचं औषध दिलं, अगदी स्वस्त, तर मिगेल आणि क्रेमर यांना गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालेली दिसली. पुस्तक चांगलं की औषध चांगलं असा हा प्रश्न नाही, त्या मुलाचं नक्की कुठे अडलंय हे आधी विचारलं होतं का एवढाच प्रश्न. लहान वयात घातलेला पैसाही बरेचदा जास्त देतो, अमेरिकेत मिशिगनमधल्या १२३ मुलांवरच्या पेरी बालवाडी प्रयोगाचा परतावा जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी वर्षाला ७ ते १० टक्के काढला.

समाजाचा परतावा काढायचा असेल तर वरच्या उदाहरणात सरकारचा खर्च मिळवा. सरकार वर्षाला ४० घालत असेल तर खर्च ३६० चा ४८० होतो आणि कच्चा परतावा ८.३ चा ६.२५. मग दुसऱ्या बाजूला ते फायदे लिहा जे त्या माणसाच्या पगारात दिसत नाहीत, शिकलेल्या आईची मुलं जास्त निरोगी असणं, शेजाऱ्याने बघून नवी पद्धत उचलणं. यांना आकडा देता येत नसला तरी ओळ लिहून ठेवा, कोरी सोडली की वाचणारा शून्य समजतो.

हे सगळं मुलांनाच दाखवा

रॉबर्ट जेन्सनने डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आठवीच्या मुलांना विचारलं की शाळा पुरी केली तर किती जास्त मिळेल, तर मुलांचा अंदाज खऱ्यापेक्षा खूप कमी होता. मग काही मुलांना फक्त खरा आकडा सांगितला, बाकी काही नाही. २०१० मध्ये छापलेल्या निकालात ती मुलं पुढच्या चार वर्षांत सरासरी ०.२० ते ०.३५ वर्षं जास्त शिकली होती. सर्वात गरीब घरांत मात्र फारसा फरक पडला नाही, तिथे माहितीसोबत पैसाही लागतो.

तर घरात, वर्गात कोणी शाळा सोडायच्या विचारात असेल तर उपदेश करू नका, वही उघडा. एका बाजूला आज कामाला लागलं तर वर्षाला मिळणारे पैसे, दुसऱ्या बाजूला शिकून मिळणारे, आपल्या भागात खरोखर काम करणाऱ्या चार-पाच जणांना विचारून, जास्त कमावणारा एकटाच धरून नाही. बुडणारी कमाई लिहा, फी लिहा, पुरं न होण्याची शक्यताही लिहा, काही लपवू नका. आणि वजाबाकी त्यालाच करू द्या, हातचा चुकला तर तिथेच थांबून आधी तो शिकवा.